पडद्याआडची साक्ष

प्रिय सदा,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, माफ कर. आईचा गुडघा बरा आहे, माझा रक्तदाब गोळीवर चाललाय. लिहायला बसलो कारण काल माझ्याकडे, म्हणजे सरकारी वकिलाकडे, एक बाई आली. खुनाच्या प्रकरणातली एकटीच प्रत्यक्षदर्शी. गाव सांगत नाही, तूही विचारू नकोस. तिने एवढंच विचारलं, "साहेब, माझं नाव त्यांना कळणार नाही ना?"

आरोपपत्राबरोबर जबाबांच्या नकला आरोपीला द्याव्याच लागतात. नाव लपवायचं तर अर्ज आत्ताच, तपास चालू असताना करायला हवा. नकला वाटल्यावर लपवायला काय उरतं?

5 डिसेंबर 2018 ला महेंद्र चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेवर शिक्का मारला, ते तुला पाठ आहे. समितीवर जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख सदस्य आणि अभियोग पक्षाचा, म्हणजे सरकारी वकिलांचा, जिल्ह्यातला प्रमुख हा सदस्य सचिव. अर्ज सचिवांमार्फत जातो, उपविभागाचा पोलीस अधिकारी पाच कामकाजाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल देतो आणि त्यानंतरच्या पाच दिवसांत निर्णय व्हायला हवा. कागदावर चोख. पण गणवेशातला हवालदार दारात मोटरसायकल लावून चौकशी करतो आणि संध्याकाळी पारावर तोच विषय. म्हणून अर्जातच लिहायचं, की चौकशी साध्या कपड्यांत आणि गावाबाहेर व्हावी. निर्णय होईपर्यंतचं अंतरिम संरक्षणही त्याच अर्जात मागायचं. शिवाय संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपुरतंच मिळतं, खटला वर्षानुवर्षं चालतो. मुदतवाढीची तारीख डायरीत नसेल तर ऐन साक्षीच्या वेळी बाई उघडी पडते.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचास, ज्याचं नाव माहीत नाही त्याचा उलटतपास म्हणजे भिंतीशी कुस्ती. कँटीनमध्ये त्यावरून तू टेबलावर हात आपटून कप फोडला होतास, त्याचे पैसे अजून तुझ्याकडे बाकी आहेत. पण तुझं खरं होतं. ती कोण हे कळलं नाही, तर जुनं वैर, बांधावरची भांडणं, ती तिथून पाहू शकत होती का, हे बचावाचा वकील विचारणार कशाच्या आधारावर? आणि वाडीत घरं चार. त्या रात्री बांधावर कोण होतं हे आरोपीच्या घरच्यांना आधीच ठाऊक असणार. नाव लपवून तिला काही मिळणार नाही, उलट अपिलात तेच आपल्या अंगावर येईल.

म्हणून नाव लपवायला मागणार नाही. पडदा मागतो, 'साक्षी' नावाच्या संस्थेच्या खटल्यात 2004 ला सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केलाच आहे. पडदा असा, की तिला आरोपी दिसू नये, पण न्यायाधीशांना आणि वकिलाला तिचा चेहरा दिसावा. बंद दालनात सुनावणी, नवा फोन नंबर, कोर्टात सरकारी गाडीतून ने-आण. वेळ पडली तर दृक्श्राव्य साक्ष, म्हणजे दुसऱ्या जागेहून व्हिडिओवर. प्रफुल्ल देसाई खटल्यात 2003 ला सर्वोच्च न्यायालयाने तीही आरोपीच्या हजेरीतलीच मानली आहे.

पण खरी काळजी तारखेची. विनोद कुमार खटल्यात सरतपासानंतर, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न संपल्यावर, उलटतपास 20 महिन्यांनी झाला आणि साक्षीदार फिरला. तुम्ही बचाववाले तारीख मागता, कोर्ट देतं, आणि त्या मधल्या दिवसांत माणूस विकत घेतला जातो किंवा धमकावला जातो. फौजदारी खटले चालवायच्या नव्या कायद्याचं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 346 सांगतं, साक्षीदार हजर असेल तर खास कारणाशिवाय तहकुबी नाही. पण बचावाला कागद उशिरा मिळाले तर ते कारण आम्हीच हातात देतो. म्हणून सगळ्या नकला महिनाभर आधी द्यायच्या, साक्षीचा दिवस लेखी कळवायचा आणि सरतपास, उलटतपास एकाच दिवशी उरकायचा. ती सुरक्षित राहील आणि आरोपीचा हक्कही राहील. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाचा फेरखटला मुंबईत आणला, तरी मुख्य साक्षीदार तिथेही फिरलीच. नुसतं गाव बदलून भागत नाही रे.

वास्तुशांतीला येता आलं नाही, वहिनींची माफी माग. चिनूचा दहावीचा निकाल कळव.

आणि एक कर. तू त्या आरोपीचा वकील असतास तर पडद्याआडच्या तिला कोणते दहा प्रश्न विचारले असतेस, ते लिहून पाठव. शुक्रवारी अर्ज द्यायचाय.

तुझाच,
विनय