सायलीला, शनिवारच्या आधी

सांगली,
मंगळवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की मी, यावर बाबांचं आणि माझं अजून एकमत नाही. "आई, तुझ्या त्या जुन्या व्हीबी सिक्स भाषेतल्या प्रोग्रॅमच्या गोष्टी आता पुरे कर," हे मात्र सगळ्यांनी ऐकलं, कारण फोन स्पीकरवर होता. नाना हसले, म्हणून मी जास्त चिडले. असो. शनिवारी रात्री तुमची ती जुनी कर्जखात्यांची प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ८ या प्लॅटफॉर्मवर जाणार आणि तू सगळ्यांच्या पुढे असणार. त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

फक्त एक. तू म्हणालीस, "मायग्रेशनला डाउन लिहिलंय, बिघडलं तर मागे येऊ." अगं, डाउन म्हणजे डेटाबेसमधले बदल उलटवणारा कोड. तो चालवला की काढून टाकलेला कॉलम परत येतो, पण रिकामा. आतली माहिती येत नाही. पत्त्याच्या एका कॉलमचे तुम्ही तीन करताय ना? मग शनिवारी नवे तीन नुसते जोडा, भरा, आणि जुना राहू दे जागेवर. थोडे दिवस नव्या कोडनं दोन्हीकडे लिहायचं. महिनाभर सुरळीत गेलं की मग काढा जुना. जुना कोड त्याच डेटाबेसवर पुन्हा उभा राहिला, तरच त्याला मागे येणं म्हणायचं. झालं, यावर आता काही नाही.

तू माझ्या ज्या गोष्टींना कंटाळतेस त्यातली एक तरी ऐक. आमच्याकडे सकाळी शाखा उघडली की डेटाबेसचं कनेक्शन उघडायचं, एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला दिसेल असं, ठेवायचं आणि डे-एंडला मिटायचं. रेकॉर्डसेट, म्हणजे डेटाबेसमधून आणलेल्या नोंदींचा संच, पेसिमिस्टिक लॉक लावून उघडलेला असायचा. काउंटरवरचा माणूस खातं उघडं टाकून चहाला गेला की त्या खात्याला दुसऱ्या कोणाला हात लावता येत नसे. मग मी शिपायाला टपरीवर पिटाळायची, त्याला धरून आण म्हणून. दहा-बारा खुर्च्यांच्या शाखेत चालून जायचं ते. तुमच्याकडे नाही चालणार. तुमच्या पूलमध्ये, म्हणजे तयार कनेक्शनांच्या साठ्यात, मुळात जास्तीत जास्त १०० कनेक्शनं, कोणी आकडा बदलला नसेल तर. लागेल तेव्हा उघडायचं, काम झालं की लगेच सोडायचं, आणि तेही यूझिंगच्या आत, म्हणजे मध्येच एरर आली तरी ते पूलमध्ये परत जातं. कोणी सोडायचं विसरलं की पुढची विनंती १५ सेकंद ताटकळते आणि टाइमआउट म्हणून पडते. मग सगळे सर्व्हरला दोष देतात, मेमरी वाढवा म्हणतात. जुना ग्लोबल कनेक्शनचा क्लास कोणी तसाच उचलून नव्यात सिंगलटन करून, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, बसवलेला नाही ना, एवढं बघ. डेटाबेसशी बोलणारा डीबीकॉन्टेक्स्टही एका विनंतीपुरता एकच. दोन थ्रेडनी एकदम वापरायची वस्तू नाही ती.

आणि नावं. यावर मी बोलणारच, कारण यात माझी बरीच वर्षं गेलीत. नेहमीच्या कोलेशनच्या (म्हणजे अक्षरांच्या नियमांच्या) व्हारचार कॉलममध्ये देवनागरी गेली की तिची प्रश्नचिन्हं होतात, आणि झालेल्या प्रश्नचिन्हांची पुन्हा अक्षरं होत नाहीत. आमच्या इथे एक आजी पासबुक घेऊन आल्या होत्या. नावाच्या जागी ओळभर प्रश्नचिन्हं. म्हणाल्या, "माझं नाव तुमचं मशीन मलाच विचारतंय होय?" तेव्हा नाव, पत्ता, वारसदार यांना सगळ्या लिप्या मावणारा एनव्हारचारच. पण म्हणून सगळीकडे एनव्हारचार नको. खातेक्रमांकाचा कॉलम व्हारचार आहे असं तूच सांगितलंस. त्यावर अ‍ॅडविथव्हॅल्यूनं म्हणजे प्रकार न सांगता पॅरामीटर दिला की तो एनव्हारचार म्हणून जातो. मग कोलेशन जुन्या एसक्यूएल धाटणीचं असेल तर सर्व्हर प्रत्येक ओळीतला क्रमांक बदलून ताडून बघत बसतो आणि इंडेक्स असून नसल्यासारखा होतो. पॅरामीटरचा प्रकार आणि लांबी स्वतः लिहा. तुमच्या क्वेरी बनवणारं एंटिटी फ्रेमवर्कही स्ट्रिंग दिसली की एनव्हारचारच धरतं, तिथे इझयुनिकोड फॉल्स सांगावं लागतं.

"हे सगळं फ्रेमवर्क बघतं गं." ऐकू आलं मला. बघतं ना. पण ते काय बघतं ते तू बघ. लॉगमध्ये खरी एसक्यूएल उमटू दे आणि एकेक पान उघडून वाच. कुणी लेझी लोडिंग, म्हणजे जोडीची माहिती लागेल तेव्हा आणणं, चालू केलं असेल तर ३०० कर्जांची यादी दाखवताना हप्त्यांसाठी आणखी ३०० फेऱ्या होतील, आणि चाचणीच्या वीस ओळींत ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. रकमांना आणि दरांना प्रिसिजन, म्हणजे किती अंक ठेवायचे ते, स्वतः द्या. नाही दिलं तर दोन दशांश धरले जातात आणि व्याजाचा दर कापला जातो, आवाज न करता. ट्रान्झॅक्शनस्कोप वापरत असाल तर तो आपणहून सिरिअलायझेबल, म्हणजे सगळ्यांत कडक लॉक लावणारा असतो. म्हणजे काउंटरवरच्या चहाचीच गोष्ट पुन्हा. आणि डेटाबेसशी जोडून देणारा नवा एसक्यूएलक्लायंट एन्क्रिप्शन धरूनच चालतो, तेव्हा सर्व्हरचं सर्टिफिकेट आधी नीट करून घ्या. ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट ट्रू लिहून, म्हणजे तपासणीच बंद करून, मोकळं व्हायचा मोह होईल, तो टाळा. डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल (तो कोणत्या आवृत्तीसारखा वागतो तो आकडा) १३० च्या खाली असेल तर ईएफ कोअर ८, म्हणजे त्याच एंटिटी फ्रेमवर्कमधली, कन्टेन्सची, यादीत शोधायची क्वेरी पडते, हेही विचारून ठेव.

बघ, लागलेच शिकवायला. माफ कर. तुला यातलं निम्मं माझ्यापेक्षा जास्त येत असेल. ते मला आवडतं, आणि सोसतही नाही.

परवा शमाकाकूला सांगत होते, सायली आता टीम सांभाळते म्हणून. तिला काही कळलं नाही, तरी मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. लोडशेडिंगच्या दिवसांत तुला घेऊन शाखेत बसायची मी. यूपीएस टिटी करायला लागला की तू कान झाकायचीस, आणि बाकी वेळ १३२ कॉलमच्या रिपोर्टाच्या मागे घोडे काढायचीस. एकदा चालू महिन्याच्या थकबाकीवरच काढलास. साहेबांनी तो घोड्यासकट फाइलला लावला. अजून असेल तिथे.

त्या बॅकअपचं विचारायचं नव्हतं, पण विचारते. घेतलाय ते कळलं. दुसऱ्या मशीनवर रीस्टोअर करून, त्यावर जुना कोड चालवून पाहिलास का? "बॅकअप सक्सेसफुल" हा मेसेज आणि उघडणारा बॅकअप यांत फरक असतो. आणि रात्री तू एकटी आहेस का? डेटाबेसवाला माणूस ऑफिसात असेल की फोनवर? फोनवर असेल तर घरचा नंबरही घेऊन ठेव. कॉफीवर रात्र काढू नकोस, भडंग आणि लाडू उद्या माधवबरोबर पाठवतेय. डबा परत आला पाहिजे, काकूचा आहे.

बाबांचं पथ्य चालू आहे, साखर १४० वर आलीय. शनिवारचं त्यांना सांगितलेलं नाही, पण त्यांना कळलंय असं वाटतं.

तुझी,
आई

ता. क. रीस्टोअरला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोज. बॅकअपपेक्षा जास्तच लागेल असं धर. समजा चार तास लागले आणि शाखा सकाळी नऊला उघडतात, तर तासभर हाताशी ठेवून, मागे यायचं की नाही हे फार तर पहाटे चारला ठरलं पाहिजे, आणि ते कोण ठरवणार त्याचं नाव शुक्रवारीच लिहून ठेव. ते नाव तुझं असेल तर मला तसं कळव.