जुलाब झाले की लगेच अँटिबायोटिक? आरोग्यमंत्र्यांना सोलापूरहून खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, बॅरल भरून ठेवायचं आणि तेच पुरवून प्यायचं, त्यामुळं पावसाळा लागला की घरोघरी जुलाब. पाण्याबद्दल सगळेच बोलतात, मला औषधाबद्दल बोलायचंय. मेडिकलवर नुसतं "लूज मोशन होतायत" म्हटलं की नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल या अँटिबायोटिकच्या पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीनं कापून हातात मिळतात, चिठ्ठी कोणी मागत नाही. दोन खाऊन बरं वाटलं की उरलेल्या फ्रीजवर, पुढच्या वेळेला पोराला द्यायला!

लहान पोरांचे बरेचसे जुलाब रोटासारख्या व्हायरसचे, तिथं अँटिबायोटिक काहीच करत नाही. बॅक्टेरियाचे असले तरी साधे जुलाब बहुतेक वेळा आपोआप थांबतात, आणि ई. कोलाय बॅक्टेरियाच्या एका विषारी प्रकारात तर अँटिबायोटिकनं किडनीचा धोका वाढू शकतो. याउलट शिगेला नावाचा बॅक्टेरिया असेल, ताप, मुरडा, संडासवाटे रक्त, तर औषध लागतंच, पण शिगेला आता नॉरफ्लॉक्सासिनच्या जातीतल्या औषधांना बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही. वाट्टेल तशा गोळ्या खाल्ल्याचाच हा परिणाम.

मग कुठल्या जुलाबाला औषध लागतं, हे ओळखायचं कसं? शिगेलासारख्या बॅक्टेरियानं आतड्याला सूज आली की संडासमध्ये पस सेल्स, म्हणजे पू-पेशी, दिसतात, त्याला फक्त मायक्रोस्कोप आणि बघणारा टेक्निशियन लागतो. रक्तातलं सीआरपी, म्हणजे सूज आली की वाढणारं एक प्रथिन, तेही वाढतं, ते बोटातल्या थेंबावर काही मिनिटांत कळतं. आतड्याची सूज दाखवणारी संडासची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट पण आहे, पण ती महाग, तिचा हट्ट मी धरणार नाही. सीआरपी न्यूमोनियातही वाढतं, म्हणून नुसत्या आकड्यावर औषध ठरवू नये, आणि रक्त पडत असेल किंवा कॉलऱ्यासारखं पेजेच्या पाण्यागत होत असेल तर रिपोर्टची वाट बघत बसूच नये.

विडी वळणारी बाई एक दिवसाची मजुरी बुडवून पोराला घेऊन येते, तिला परत प्रायव्हेट लॅबला पाठवू नका हो. महापालिकेच्या दवाखान्यातच स्टूल टेस्ट आणि सीआरपी फुकट करा. सिव्हिलच्या लॅबमध्ये कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासताना, कुठलं औषध चालतंय, कुठलं नाही, हे दर महिन्याला गल्लीतल्या डॉक्टरांपर्यंत पोचवा. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्यांवर कारवाई व्हावी. आणि आशाताईंकडं ओआरएस आणि झिंक कधीच संपू नये, झिंक १४ दिवस द्यायचं, सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला रोज २० मिग्रॅ, त्याखाली १०, जुलाब थांबले तरी बंद करायचं नाही, हे त्यांनी प्रत्येक आईला सांगावं.

आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात, निदान तिथल्या तात्पुरत्या दवाखान्यांपासून यंदा सुरुवात करा.

आपला,
एक सोलापूरकर