सपाट वाट, पण पावसाळ्यात नको

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला नदीकाठच्या सोप्या वाटांवरचा लेख आवडला, नाहीतर आमच्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांना कोण विचारतं, जो तो गडावरच चढवतो. पण उल्हास नदीकाठी पावसाळ्यात फिरा हे काही पटलं नाही. तिथली जमीन सपाट आहे म्हणजेच पाणी पसरायला मोकळी आहे, जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती ती याच नदीच्या पुरात. दिवाळीनंतर जा की! भातकापणी झालेली असते, बांध वाळून टणक होतात, खाचरात वालाची रोपं वर आलेली दिसतात, सकाळी ठाण्याहून कर्जत लोकल पकडायची आणि दुपारी जेवायला घरी. फक्त बांधावरूनच चाला, वाल तुडवू नका.
- एक वाचक, ठाणे (पूर्व)