बाप्याचं काम आहे, पूर्ण वाच

पक्या लेका,

मी बरा आहे, शुगर आहे तिथंच आहे. फोनवर सांगायला गेलं की तू हो हो करत मीटिंगला पळतोस म्हणून लिहितोय.

बाप्याच्या बायकोच्या, शकूवहिनीच्या डोक्यात गाठ निघाली. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, ग्रेड फोर. सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, उलटी व्हायची, तर सगळे म्हणायचे गर्भाची पिशवी काढल्यापासून असंच होतंय, तालुक्याच्या डॉक्टरनं पण पित्ताच्या गोळ्याच दिल्या. गेल्या सीझनला ऊसतोडीला असताना फडातच फिट आली, कुणी चप्पल हुंगवली, कुणी म्हणालं लागिर आहे, आणि दुसऱ्या दिवशी ही परत मोळ्या बांधायला हजर, कारण खाडा पडला की पैसे कापतात. डोक्याचा सीटी स्कॅन झाला तो पार सीझन संपून पट्टा पडल्यावर, तोही उजव्या हातातून कप सुटायला लागला म्हणून.

आमच्या साहेबांना दोन वर्षांपूर्वी हीच गाठ, हाच ग्रेड. सोमवारी डोकं दुखलं, गुरुवारी एमआरआय, पगार चालू, क्लेम पास. तेही गेलेच शेवटी, या गाठीपुढं पैशाचंही फार चालत नाही, पण माणसाला वेळ मिळाला, फ्लॅट बायकोच्या नावावर केला, पोरीचं लग्न बघितलं. वहिनीचा तेवढा वेळ पित्तातच गेला.

ऑपरेशन जन आरोग्य योजनेत बसलं, पिवळं कार्ड कामाला आलं. आता परळला टाटात रेडिएशन चालू आहे, 30 सिटिंग, आठवड्यातनं पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे, आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या गोळ्या. 2005 पासून जगभर हीच ट्रीटमेंट आहे. त्या वेळच्या अभ्यासात नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षं काढणारे शंभरात 10 होते, गोळ्या जोडल्यावर 26 झाले. हे मी बाप्याला सांगितलं तर म्हणतो, "मग 74 चं काय?" शाळेत गणितात नापास होणारा हाच ना रे?

राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, तीही थांबून थांबून. रेडिएशनला तोंडावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात, तर वहिनी तिथल्या पोराला विचारते, वरनं कुंकू लावू का, खंडोबाचा मुखवटा दिसतोय. बोलता बोलता शब्द विसरते, मला तुझ्या नावानं हाक मारते. (मी काही तुझ्याइतका काळा नाही.)

पण खरी अडचण पुढंच आहे. बाप्यानं मुकादमाकडून दीड लाख उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलीय, ती नवराबायकोच्या जोडीची, पूर्ण कोयत्याची. अर्ध्या कोयत्याला कोण नेतो? कारखाने सुरू झालेत, मुकादम रोज फोन करतोय, आणि हा म्हणतो टाके सुकलेत, गाठ काढलीय, आता घरी नेतो, वहिनीच्या जागी पोरीला फडात नेतो. पोरगी नववीत आहे रे! डॉक्टर बोंबलून सांगतात मधे सोडू नका, पण डॉक्टरला उचल फेडायची नाहीये.

मुकादम तुझा चुलता आहे. माहितीय, बांधाच्या भांडणापासून तुम्ही बोलत नाही, आणि त्या भांडणात चूक तुझीच होती हे मी तेव्हाही म्हणालो होतो. तरी फोन कर. उचल माफ कर म्हणू नको, तो करणार नाही, पुढच्या सीझनवर ढकल म्हण, आणि पोरीचं नाव टोळीत घेऊ नको म्हण. तुझं ऐकेल, तू शहरातला साहेब. थोडे पैसे मी टाकतो, थोडे तू टाक.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? तुझ्या घरच्या वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? बाळीला दहावीसाठी शुभेच्छा सांग.

चुलत्याचा नंबर बदललाय, व्हॉट्सअपवर टाकलाय. सोमवारच्या आत बोल, सोमवारी टोळीची गाडी निघतेय.

तुझा,
दिल्या