आई, तू विचारलंस म्हणून

सास्काटून, नोव्हेंबर

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू हळूच विचारलंस, "तिथे तू हरणांची मुंडकी कापतेस म्हणे?" आणि मी काही बोलायच्या आत विषय बदललास. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तुला काय वाटलं असेल ते कळतंय मला, म्हणून सविस्तर लिहिते.

हो, कापते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या या गवताळ मुलखात शिकारीचा हंगाम लागला की शिकारी हरणाचं डोकं पिशवीत बांधून, चिठ्ठी लावून तपासणीला देतात. हरीण कुठे मारलं, नर की मादी, सगळं त्यावर असतं. घशाच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक लसग्रंथी असते, भिजवलेल्या खारकेएवढी. जीभ बाजूला घेऊन, सुरी आत घालून ती अलगद सोडवायची, बाटलीत ठेवायची, नंबर टाकायचा. मग दाढांची झीज बघून वय लिहायचं. बाबा, दात बघायला तुम्ही बैलबाजारात शिकवलंत, कॉलेजात ते नंतर आलं!

हे सगळं एका आजारासाठी. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात त्याला. ना जिवाणू, ना विषाणू. अंगातल्याच एका प्रथिनाची घडी बिघडते, ते बाकीच्यांचीही बिघडवतं आणि मेंदूची चाळण होते. हरीण वाळत जातं, कान पाडून उभं राहतं, तोंडातून लाळ गळते. लस नाही, औषध नाही, लागण झालेलं एकही वाचत नाही. लाळेतून, मुतातून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतो. इथे १९९६ मध्ये पाळीव एल्कमध्ये (एल्क म्हणजे मोठ्या जातीचं हरीण) सापडला आणि २००० मध्ये रानातल्या हरणात.

वाईट म्हणजे लागण झाल्यावरही बराच काळ, वर्षभर किंवा त्याहून जास्त, जनावर धडधाकट दिसतं. रान पालथं घातलं तरी नुसतं बघून कळत नाही. शिकाऱ्यांनी आणून दिलेली डोकी नसती तर हा आजार कुठवर पोचलाय हे आम्हाला कळलंच नसतं. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरीण खाऊ नका असंच सांगतात. क्री म्हणजे इथले मूळ रहिवासी; त्यांच्या कित्येक कुटुंबांचा हिवाळा या मांसावर निघतो. शिकारीचा हक्क त्यांना सरकारशी झालेल्या १८७६ च्या सहाव्या करारातच मिळालाय. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये बाजूला ठेवून लोक थांबतात. त्यांना लवकर उत्तर मिळावं म्हणून मी उशिरापर्यंत थांबते, आई. जेवते वेळेवर, काळजी करू नकोस.

बंदूक माझ्या हातून उचलली जाणार नाही, कधीच. पण या शिकाऱ्यांबद्दल मला आदर आहे. म्यूल डिअर जातीच्या हरणासाठी लॉटरीत नंबर लागावा लागतो, परवाना ठरलेल्या भागापुरताच मिळतो, शेतात शिरायला शेतकऱ्याची परवानगी लागते. शिकार आणि मासेमारीच्या परवान्यांच्या पैशातला ३० टक्के वाटा प्राण्यांच्या आणि माशांच्या अधिवासासाठीच्या निधीत जातो. मासेमारीलाही असेच नियम आहेत. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला उभारलेल्या झोपड्या दक्षिण भागात १५ मार्चच्या आत हलवाव्या लागतात, नाहीतर बर्फ वितळला की सगळा कचरा पाण्यात.

बाबा, मला राहून राहून आपलं शिवार आठवतं. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तूर खाल्ली की पंचनामा होतो, तुम्ही रात्रभर जागल करता. पण रोही किती आहेत, त्यांच्यात कोणता रोग आहे, हे मला गावात कधीच कुणी सांगू शकलं नाही. गुरं आणि रोही एकाच नाल्यावर पाणी पितात, याची मला खरंच धास्ती वाटते.

म्हणून एक करा. शिवारात रोही किंवा रानडुक्कर मेलेलं दिसलं तर हात लावू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका आणि पुरायची घाई करू नका. वनरक्षकाला आणि गुरांच्या दवाखान्यात, दोन्हीकडे कळवा, कशाने मेलं ते बघायला लावा. आणि आई, मावशीने विचारलं तर सरळ सांग: मुलगी हरणांचा आजार शोधते.

तुमची,
ताई