येताना पावती, जाताना घासाघीस : परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

विमानातून उतरलेल्या प्रवाशाची काळजी सरकारी यंत्रणा बऱ्यापैकी घेते. बाहेर पडलं की प्रीपेड टॅक्सीची खिडकी असते, भागानुसार दर लिहिलेला फलक असतो, हातात पावती पडते आणि तिच्यावर गाडीचा नंबर असतो. तक्रार कुठे करायची हेही तिथेच कुठेतरी लिहिलेलं असतं. काम उरकून तोच प्रवासी त्याच रस्त्याने उलटा निघतो, तेव्हा यातलं काहीच त्याच्या हाताशी नसतं. हॉटेलच्या दारातून विमानतळावर जायचं तर समोरचा सांगेल तो दर. रस्ता तोच, अंतर तेच, मग नियम एकाच दिशेला का, एवढंच मला विचारायचं आहे.

मी कामानिमित्त सतत फिरते. शहरं बदलतात, पण हॉटेलातून निघतानाचा प्रसंग फारसा बदलत नाही. आदल्या रात्री काउंटरवर सांगायचं, "पहाटे एअरपोर्टला जायचंय, गाडी मिळेल का?" "हो मॅडम, सांगून ठेवतो." किती होतील विचारलं की उत्तर येतं, "नेहमीचाच रेट आहे." नेहमीचा म्हणजे कोणाचा, हे विचारायला आपण जरा संकोचतो. पहाटे खाली यावं तर गाडी पोर्चमध्ये उभी, डिकी उघडी, बॅग आत गेलेली. मग बिल समोर येतं. त्यात लाँड्री आणि पाण्याच्या बाटल्यांच्या मधे 'ट्रान्सपोर्ट – १' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढचा आकडा पाहून झोप उडते. एकदा मी हुज्जत घातली. काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, बाहेरची गाडी बघायची असेल तर बघा, पण यावेळी मिळेलच असं नाही." म्हणजे घ्या, नाहीतर विमान चुकवा.

या लुटीचं सगळं मर्म त्या घड्याळात आहे. विमानतळावरून शहरात येणाऱ्याला घाई नसते. दर पटला नाही तर तो दुसरी गाडी बघतो, बसच्या रांगेत उभा राहतो, हवं तर चहा पिऊन पुन्हा घासाघीस करतो. जाणाऱ्याला ही मुभाच नाही. चेक-इन बंद होण्याची वेळ ठरलेली, सुरक्षा तपासणीची रांग किती लांब असेल याचा अंदाज नाही आणि तिकिटाचे पैसे परत मिळणारे नाहीत. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही अवस्था ज्याला ओळखता येते तो तिचे पैसे करतो. म्हणूनच 'ग्राहकाने घासाघीस करावी' हा सल्ला इथे कुचकामी आहे. ज्याला उठून जाता येत नाही, त्याने घासाघीस करायची तरी कशी?

यात केवळ चालकाला दोष देणं मला पटत नाही. मोठ्या हॉटेलांच्या पोर्चमध्ये उभ्या असणाऱ्या गाड्या बरेचदा ट्रॅव्हल डेस्कच्या ठेकेदाराच्या असतात. प्रवाशाने दिलेल्या पैशातून डेस्कचा कट जातो, कधी दरवानाचा हात ओला करावा लागतो आणि उरेल ते चालकाला. साधी टॅक्सी आत यायला लागली की दरवान हात करून तिला फाटकाबाहेर थांबवतो. कारण सुरक्षेचं सांगितलं जातं. खरं कारण बहुतेकांना ठाऊक असतं. शिवाय चालकाची एक अडचण खरीच आहे : विमानतळावर प्रवासी सोडला की परतीचं भाडं मिळेलच असं नाही. तिथल्या रांगेत तास-दोन तास काढायचे किंवा रिकामी गाडी घेऊन माघारी यायचं. 'रिटर्न भाडं द्या' ही मागणी तिथून येते. तिला उत्तर व्यवस्थेने द्यायला हवं. पहाटे डोळे चोळत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या गळ्यात ती घालणं बरोबर नाही.

अ‍ॅपने हे सगळं सुटलं असं आपले अधिकारी कदाचित सांगतील. थोडं सुटलं, हे खरं. दर आधी दिसतो, हा मोठा दिलासा. पण पहाटे गाड्या कमी असल्या की सर्ज, म्हणजे मागणीनुसार वाढवलेला दर, लागतो. चालक फोन करून आधी विचारतो, "कुठे जायचंय? पेमेंट कॅश का ऑनलाइन?" आणि उत्तर आवडलं नाही तर गाडी नकाशावर जागची हलत नाही. आपण रद्द करावं म्हणून तो थांबतो, म्हणजे दंड आपल्याला. पोर्चमध्ये उभं राहून नकाशातला तो न हलणारा ठिपका बघण्यात विमानतळाच्या प्रवासाची वीस मिनिटं जातात, आणि शेवटी आपण मुकाट्याने दरवानाकडे वळतो.

हे जगात सगळीकडे असंच चालतं, असंही नाही. पॅरिसने मार्च २०१६ मध्ये शहर आणि विमानतळ यांच्यातलं टॅक्सीभाडं ठरवून टाकलं. सीन नदीच्या उजव्या तीराला एक दर, डाव्या तीराला दुसरा. दिवस असो की रात्र, रस्ता मोकळा असो की तुंबलेला, आकडा तोच, आणि सामानाचे वेगळे पैसे नाहीत. गाडी आगाऊ बोलावली तर थोडं जादा शुल्क लागतं, पण तेही ठरलेलं. माद्रिदने २०१४ मध्ये एम-३० या वर्तुळाकार रस्त्याच्या आतल्या भागासाठी असाच एक दर ठरवला. न्यूयॉर्कमध्ये जेएफके विमानतळ आणि मॅनहॅटन यांच्यातलं पिवळ्या टॅक्सीचं मूळ भाडं २०२२ च्या अखेरीस ७० डॉलर झालं. त्यावर टोल आणि संध्याकाळच्या गर्दीचा अधिभार वेगळा द्यावा लागतो, पण तो कशाचा आणि किती हे नियमातच लिहिलेलं आहे. सिंगापूरची रीत वेगळी. तिथे टॅक्सी मीटरवर चालते आणि चांगी विमानतळाचा जादा आकार तिथे बसणाऱ्यालाच लागतो, तिथे सोडण्याचा लागत नाही.

या पहिल्या तिन्ही शहरांत ठरलेला दर दोन्ही दिशांना लागू आहे. हॉटेलातून निघणाऱ्यालाही तोच आणि विमानातून उतरणाऱ्यालाही तोच. त्यामुळे गाडीत बसताना बोलणी करायची वेळच येत नाही. एवढी साधी गोष्ट आपल्याला का जमू नये? विमानतळाच्या खिडकीवर लावायला भागानुसार दर काढलेलेच असतात. तोच तक्ता उलट्या प्रवासालाही लागू आहे, असा एका ओळीचा आदेश काढायला नवा अभ्यासगट कशाला हवा?

आदेश कागदावरच राहू नये म्हणून त्याला दात हवेत. विमानतळाचा अधिकृत दर प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर, पाहुण्याला सहज वाचता येईल असा लावणं सक्तीचं करा. सोबत टोल आणि पार्किंग कोणी भरायचं हेही लिहा, कारण वाद तिथेच होतात. हॉटेलला स्वतःची आलिशान गाडी जास्त दराने द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण आकडा आदल्या रात्री लेखी सांगावा आणि पाहुण्याने होकार दिल्यावरच तो बिलात यावा. कमिशन किती, हे पावतीवर छापायला लावलं तर अर्धा प्रश्न तिथेच मिटेल असं मला वाटतं. कागदावर दिसणारं कमिशन घेताना माणूस लाजतो. नोंदणी असलेली टॅक्सी पाहुण्याला घ्यायला आली असेल तर तिला पोर्चमध्ये अडवता येणार नाही, हे स्पष्ट लिहा. अ‍ॅप कंपन्यांसाठी पहाटेच्या विमानतळ फेरीवर सर्जची मर्यादा घाला, आणि चालकाने जागचं न हलता प्रवाशाला रद्द करायला लावलं तर दंड त्याच्या खात्यावर टाका. आणि हो, विमानतळावर प्रवासी सोडणाऱ्या टॅक्सीला तिथल्या रांगेत प्राधान्याचं टोकन द्या. परतीची चिंता मिटली की मीटर टाकायला चालक आजच्याइतका कुरकुरणार नाही.

आदेश निघेपर्यंत प्रवाशांनी स्वतःच डोकं चालवायचं आहे. मी काय करते ते सांगते, कारण आपल्या खात्याच्या संकेतस्थळावर हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. हॉटेलात पोचल्यावर पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं की विमानतळाची शटल आहे का. असते आणि फुकट असते, तरी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही असंही घडतं. येतानाची प्रीपेड पावती जपून ठेवावी, जाताना बोलणी करायला तोच पुरावा. आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशीच्या निघण्याच्याच वेळेला, अ‍ॅपवर दर पाहून त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. आगाऊ बुकिंगचा दर नेहमी स्वस्त असतो असं नाही, दोन्ही ताडून बघावेत. सामान हलकं असेल तर पोर्चमध्ये गाडी न बोलावता फाटकाबाहेर रस्त्यावर यावं. दिवसाचं विमान असेल आणि मेट्रो किंवा विमानतळाची बस असेल तर मी सरळ तीच घेते. अर्थात, वयस्कर माणसांना किंवा पोरंबाळं घेऊन निघालेल्यांना पहाटे चारला हा शहाणपणा शिकवण्यात अर्थ नाही. दरपत्रकाची खरी गरज त्यांनाच आहे.

महोदय, यासाठी निधी लागत नाही, नवा कायदाही बहुधा लागणार नाही. विमानतळाचा दरतक्ता दोन्ही दिशांना लागू करण्याचा आदेश आपण कधी काढणार आणि हॉटेलांच्या काउंटरवर तो लागला की नाही हे तपासणारा अधिकारी कोण असेल, या दोन प्रश्नांची उत्तरं कृपया जाहीरपणे द्यावीत.

आपली नम्र,
सतत प्रवासात असणारी एक नागरिक