प्रश्न विचारणाऱ्या मुलांना गप्प का बसवता?

संपादक महोदय,

३ जुलैला प्रेषित संत थॉमसचा सण. प्रवचनात त्या बिचाऱ्याच्या नावामागे हमखास 'संशयी' लागते आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारला, की त्याचाच दाखला देऊन तोंड बंद केले जाते. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय एकदा सावकाश वाचावा. मरणातून उठलेल्या प्रभू येशूने इतर शिष्यांना आपले जखमी हात आणि कूस आधीच दाखवली होती; थॉमसने त्याहून फारसे वेगळे काय मागितले? खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय तो जिवंत झाल्याचे मानणार नाही, असे तो ठणकावतो, तरी त्याला कुणी बाहेर काढत नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच आहे. येशूही आधी हात पुढे करतो, समज नंतर देतो, तीही मोजक्या शब्दांत. 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' ही कबुली याच थॉमसची!

मदर तेरेसांची २००७ साली प्रसिद्ध झालेली खासगी पत्रे तर याहून बोलकी. देव जाणवतच नाही, ही व्यथा त्यांनी वर्षानुवर्षे सोसली. चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत घोषित केले, ते ही पत्रे माहीत असूनच.

दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करणाऱ्या ख्रिस्ती संस्काराच्या, तयारीत निदान एक तास मुलांच्या शंकांसाठी मोकळा ठेवावा. उत्तर ठाऊक नसेल तर फादरांनी तसे सांगावे. मुले समजून घेतात.

– एक पालक, वसई